ॲपचे इशारे आता टेलिग्रामवर: देखभाल करारातील ग्राहकांसाठी

बिघाडाचे इशारे आजवर ईमेलने येत होते. रात्री दोन वाजता ईमेल कोण उघडतो? म्हणून आता ते तुमच्या टेलिग्राम ग्रुपवर येतील. त्यासाठी लागणारा बॉट (आपोआप संदेश पाठवणारे खाते) तुम्ही स्वतःच्या नावावर काढावा, असा आमचा आग्रह आहे. पुढे आपला करार संपला तरी बॉट तुमच्याकडेच राहतो.

टेलिग्राममध्ये निळी खूण असलेले ‘बॉटफादर’ हे खाते शोधा आणि त्याला ‘न्यूबॉट’ (/newbot) ही कमांड द्या. नाव काहीही चालेल. युजरनेमच्या शेवटी मात्र ‘बॉट’ (bot) हवेच. मग एक लांबलचक टोकन मिळते. ती बॉटची किल्ली आहे, ज्याच्या हाती पडेल तो बॉटच्या नावाने काहीही पाठवू शकतो. त्यामुळे टोकन कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. चुकून बाहेर गेलेच, तर बॉटफादरला ‘रिव्होक’ (/revoke) सांगा. जुने टोकन बाद होऊन नवे मिळते.

ग्रुप करून त्यात बॉटला घ्या. ग्रुपचा आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, आम्ही काढू. एक सांभाळा: नव्या सदस्यांना जुने संदेश दाखवण्याची सेटिंग चालू केली, की साधा ग्रुप सुपरग्रुप होतो आणि आयडी बदलतो. इशारे जुन्याच आयडीवर जात राहतात आणि ग्रुपवर शुकशुकाट! सेटिंगला हात लावण्याआधी आम्हाला कळवा.

खरा विचार करायचा तो कोणता इशारा पाठवायचा याचा. डेटाबेस बंद पडला की त्यावर चालणारी प्रत्येक सेवा ओरडू लागते. टेलिग्राम एका ग्रुपमध्ये बॉटला मिनिटाला 20 संदेशांपर्यंतच मुभा देते. म्हणून आम्ही अलर्टमॅनेजर हे इशारे गोळा करून पाठवणारे सॉफ्टवेअर वापरतो. तो एका जातीचे इशारे 30 सेकंद थांबून एकत्र पाठवतो आणि बिघाड तसाच राहिला तर चार तासांनी पुन्हा आठवण करतो. बिघाड दूर झाल्याचा संदेशही येतो.

सर्व्हरच्या सीपीयूचा वापर मिनिटभर 90 टक्क्यांवर गेला म्हणून कुणाची झोप मोडू नये. रात्रीच्या बॅकअपला तो जाणारच. सलग पाच मिनिटे तसाच राहिला तर कळवू, तेही आवाज न करता. पेमेंट अडकले किंवा लॉगिन बंद पडले तर मात्र फोन वाजलाच पाहिजे. अशी यादी प्रत्येकाची वेगळी असते. तुमची आम्ही तुमच्यासोबत बसून ठरवू, तयार यादी गळ्यात मारणार नाही.

बॉटच्या संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल असे कुलूप) नसते. त्यामुळे इशाऱ्यात तुमच्या ग्राहकांची नावे किंवा मोबाइल नंबर कधीच घालत नाही. फक्त सेवा, वेळ आणि बिघाडाचा प्रकार.

देखरेखीचा सर्व्हरच पडला, तर बॉटही गप्प होतो. म्हणून अलर्टमॅनेजर रोज सकाळी नऊ वाजता ‘देखरेख चालू आहे’ एवढाच संदेश पाठवेल. साडेनऊपर्यंत तो दिसला नाही, तर आमच्या कार्यालयात लगेच फोन करा.