दोर्दोन्य खोरं: किल्ले, गुहा आणि नदीतली भटकंती

दोर्दोन्य ही नैऋत्य फ्रान्समधली नदी, आणि तिच्यावरूनच नाव पडलेला एक ग्रामीण जिल्हा. फ्रेंच क्रांतीनंतर १७९० मध्ये जुने प्रांत मोडून जिल्हे पाडले तेव्हा पेरिगोर प्रांताचं सरकारदरबारी दोर्दोन्य झालं, पण गावातली माणसं अजून पेरिगोरच म्हणतात आणि हॉटेलांच्या मेन्यूवर तर दुसरं नाव सापडतच नाही. नदी ४८३ किमी लांब, मासिफ सेंट्रलच्या डोंगराळ पट्ट्यात प्वी द सॉन्सीवर उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत बोर्दोच्या उत्तरेला गारोन नदीला मिळते. फिरायला येणाऱ्यांचा मुख्य भाग मात्र छोटासाच आहे, सार्ला गावाच्या आजूबाजूचा, दोर्दोन्य आणि तिची उपनदी वेझेर यांच्या काठाचा. ओकच्या दाट जंगलामुळे त्याला काळा पेरिगोर म्हणतात. इथे इतिहास बघणं आणि उन्हात हुंदडणं ही दोन वेगळी कामं नाहीत, कारण बघायचं ते जवळपास सगळं नदीमुळेच तिथे बसलंय आणि नदीतूनच सगळ्यात चांगलं दिसतं.

आधी किल्ल्यांचं, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात की एवढ्याशा पट्ट्यात इतके किल्ले कशाला. तर ११५२ मध्ये एलेनॉरने, म्हणजे अॅक्विटेन या इथल्या मोठ्या प्रांताच्या वारसदारणीने, हेन्रीशी लग्न केलं, दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि फ्रान्सचा हा सगळा नैऋत्य कोपरा इंग्लंडच्या राजघराण्याकडे गेला. तिथून जो वाद पेटला तो शंभर वर्षांच्या युद्धापर्यंत, म्हणजे १३३७ ते १४५३, आणि त्यात बराच काळ दोर्दोन्य नदी हीच इकडची सरहद्द होती. उजव्या काठावर कड्याच्या टोकाला बेनाकचा किल्ला, तो फ्रेंच राजाच्या बाजूचा. डाव्या काठावर कास्तेलनो, तो बहुतेक वेळ इंग्रजांच्या बाजूचा. एकाच्या बुरुजावरून दुसरा सरळ दिसतो, त्यामुळे शेजाऱ्याने स्वयंपाकाला चूल पेटवली तरी धूर कळत असणार. कास्तेलनो कित्येकदा हातातून हातात गेला आणि १४४२ मध्ये कायमचा फ्रेंचांकडे आला. युद्धाची शेवटची मोठी लढाईही याच नदीकाठी, खाली कास्तीयाँला, १७ जुलै १४५३ रोजी झाली, आणि तिथे फ्रेंच तोफांनी निकाल लावला.

कास्तेलनोमध्ये आता मध्ययुगीन युद्धकलेचं म्युझियम आहे आणि दोन्हींतला एकच किल्ला बघायचा असेल तर मी हाच सांगेन, पोरं बरोबर असतील तर नक्कीच. बाहेरच्या गच्चीवर ट्रेबुशे, म्हणजे दगड फेकायची लाकडी यंत्रं, खऱ्या आकारात उभी केलीत. लांबलचक दांडा, त्याच्या आखूड टोकाला दगडमातीने भरलेली पेटी, लांब टोकाला गोफण. दांडा खाली ओढून अडकवतात, खटका सोडला की पेटी धाडकन खाली येते आणि गोफणीतला दगड वर जाऊन सुटतो, बस एवढंच. पण प्रत्येक वेळी दांडा परत खाली ओढायला किती माणसं आणि किती वेळ लागतो ते बघितलं की वेढे महिनोन्‌महिने का चालायचे ते समजतं. बेनाक त्यामानाने रिकामा आणि कठोर वाटतो, पण वरून नदीचं वळण दिसतं त्याला तोड नाही.

दोन्ही बाजूंच्या राजांनी नुसते किल्ले नाही, आखीव गावंही वसवली. त्यांना बास्तिद म्हणतात. दोम हे १२८१ मध्ये फ्रान्सच्या तिसऱ्या फिलिपने वसवलं, नदीपासून साधारण दीडशे मीटर उंच कड्यावर. मोंपाझिए त्यानंतर तीनच वर्षांनी, इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने. मोंपाझिए सपाटीवर असल्यामुळे आराखडा अगदी पट्टीने आखल्यासारखा, काटकोनात गल्ल्या, मधे चौक, चौकाभोवती कमानींचा ओटा आणि एका बाजूला लाकडी छपराची मंडई, त्यात धान्य मोजायची जुनी मापं अजून ठेवलीत. दोमच्या वेशीत १३०७ नंतर टेम्प्लर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या शिपायांना कोंडलं होतं, त्यांनी भिंतीवर कोरलेली चित्रं टिकून आहेत.

सार्ला हे बाजाराचं गाव, बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो. पिवळसर दगडाची जुनी घरं एकसलग उभी आहेत याचं श्रेय थोडं दुर्लक्षाला आणि बरंचसं आंद्रे मालरो यांना. सांस्कृतिक मंत्री असताना १९६२ मध्ये त्यांनी जुन्या वस्त्या वाचवायचा कायदा आणला आणि तो आधी राबवला गेला त्या गावांत सार्ला होतं. तिथलं एक जुनं चर्च आता झाकलेली मंडई आहे, भलेमोठे लोखंडी दरवाजे लावलेली, ते काम ज्याँ नूव्हेल या आर्किटेक्टचं, त्याचं बालपण याच गावात गेलं.

याच मालरोंनी पुढच्याच वर्षी लास्कोची गुहा बंद केली. ही गुहा वेझेरच्या खोऱ्यात मोंतिन्याक गावाजवळ, १२ सप्टेंबर १९४० रोजी चार पोरांना सापडली, त्यातला मोठा अठरा वर्षांचा. आत साधारण १७,००० वर्षांपूर्वीचे रानबैल, घोडे, हरणं, एक बैल तर पाच मीटरहून लांब. १९४८ ला लोकांसाठी उघडली आणि रोज हजारभर माणसांच्या श्वासाने, घामाने आणि दिव्यांनी पंधरा वर्षांत भिंतींवर हिरवं शेवाळ आणि पांढरा थर चढायला लागला. म्हणून कुलूप. अजिंठ्याला गर्दीचं काय करायचं ही चर्चा आपण ऐकतोच, इथे त्यांनी थेट दारच लावून टाकलं. १९८३ मध्ये शेजारीच गुहेची पहिली नक्कल उघडली आणि २०१६ मध्ये डोंगराच्या पायथ्याला नवी, जवळजवळ पूर्ण नक्कल. ती उत्तम आहे, पण नक्कल ती नक्कल.

खरी चित्रं बघायची असतील तर लेझेझी गावाच्या कडेची फाँ द गोम गुहा. रंगीत चित्रं असलेल्या ज्या मोजक्या अस्सल गुहा लोकांना खुल्या आहेत त्यांतली ही एक, रोज थोडेच लोक आत सोडतात, तिकीट खूप आधी काढावं लागतं आणि फोटो काढू देत नाहीत. अरुंद बोळातून गाईडच्या मागे जायचं, ती टॉर्च तिरकी धरते आणि आतापर्यंत नुसता दगडाचा फुगवटा वाटत होता तिथे बायसनची पाठ दिसते. एका ठिकाणी दोन रेनडियर समोरासमोर आहेत, नर मान वाकवून मादीचं कपाळ चाटतोय. उजेड कमी, वेळ कमी, आणि तरी लास्कोच्या नकलेपेक्षा मला हे दसपट मोलाचं वाटतं. ज्यांना चालणं जमत नाही त्यांनी रुफिन्याकला जावं, तिथे छोट्या इलेक्ट्रिक ट्रेनमधून आत नेतात, मॅमथची चित्रं आहेत आणि गुहेतल्या अस्वलांनी झोपायला केलेले खड्डे आणि नखांचे ओरखडेही. लेझेझीलाच १८६८ मध्ये रेल्वेच्या कामात क्रो-मॅन्याँ माणसाचे, म्हणजे युरोपातल्या सुरुवातीच्या आधुनिक माणसाचे, सांगाडे सापडले, तिथे राष्ट्रीय म्युझियम आहे. या खोऱ्यातली प्रागैतिहासिक ठिकाणं १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

आता नदी. कनू किंवा कायाक भाड्याने देणारे काठावर जागोजागी आहेत. पद्धत सोपी, गाडी त्यांच्या तळावर लावायची, ते मिनीबसने वर नेऊन सोडतात किंवा खालून परत आणतात, सोबत लाइफ जॅकेट आणि फोन-डबा ठेवायला झाकणाचा प्लास्टिक ड्रम मिळतो. पोहता येणं गरजेचं. वीत्राक ते बेनाक साधारण १६ किमी, आरामात चार तास. वेळ कमी असेल तर सेनाकहून निघायचं. वरच्या अंगाला वीजनिर्मितीची धरणं आहेत त्यामुळे पाणी सोडलं की पातळी बदलते, बाकी उन्हाळ्यात प्रवाह संथ आणि कुठे कुठे इतका उथळ की होडीचं बूड गोट्यांवर घासतं आणि उतरून ढकलावं लागतं. वाटेत आधी डावीकडे उंचावर दोम, मग उजवीकडे ला रोक-गाजाक, कडा आणि नदी यांच्या चिमटीत बसलेलं गाव, दक्षिणेकडे तोंड असल्यामुळे तिथे चक्क केळी आणि पाम वाढतात. हाच कडा १९५७ मध्ये ढासळून घरं गाडली गेली आणि तीन माणसं मेली. पुढे डावीकडे कास्तेलनो, उजवीकडच्या टेकडीवर मार्केसाकची बाग, तिथली दीड लाख बॉक्सवूडची झुडपं हाताने छाटतात, आणि शेवटी बेनाक.

ला रोक-गाजाकहून गाबार नावाच्या सपाट तळाच्या लाकडी बोटी पर्यटकांना फिरवतात. पूर्वी याच प्रकारच्या बोटींतून वरच्या जंगलातलं ओक आणि चेस्टनटचं लाकूड खाली बर्जराक, लिबूर्नकडे वाइनच्या पिंपांसाठी जायचं. वरून येणाऱ्या बऱ्याच बोटी परत जायच्याच नाहीत, प्रवाहाविरुद्ध ओढणं परवडत नसल्याने तिथेच मोडून लाकूड विकायचं. रेल्वे आली आणि हा धंदा बसला.

पायी फिरायला खुणा केलेल्या वाटा भरपूर, लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरा-लाल पट्टा, गावाभोवतीच्या छोट्या फेऱ्यांना पिवळा. थंडीत शिकारीचा सीझन असतो तेव्हा भडक कपडे घालावेत. अक्रोडाच्या बागा मालकीच्या आहेत, पडलेले दिसले म्हणून खिसे भरू नयेत. सायकलसाठी सार्लाहून जुन्या रेल्वेमार्गावर केलेला रस्ता सपाट आहे, बाकी सगळीकडे चढ फार. हॉट एअर बलूनही उडतात, पण महाग. बेनाकच्या खालच्या अंगाला मिलांदचा वाडा आहे, मूळच्या अमेरिकन नर्तकी-गायिका जोसेफिन बेकरने घेतलेला, जगभरातून दत्तक घेतलेली बारा मुलं तिने तिथे वाढवली, शेवटी कर्जापायी घर गेलं.

जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी नको होते, मे-जून किंवा सप्टेंबर बरा, आणि नोव्हेंबरनंतर बरंच काही बंद. सार्लाला बोर्दोहून लोकल गाडी येते, पण गावागावांत फिरायला कार लागतेच, त्यामुळे इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा. दुपारी बारा ते दोन छोट्या गावांत दुकानं बंद असतात हे गृहीत धरा.

उन्हाळ्यात संध्याकाळी गावच्या चौकात रात्रीचे बाजार भरतात, लांब टेबलं मांडलेली, स्टॉलवरून घ्यायचं आणि तिथेच बसून खायचं, ताट-काटे लोक घरून आणतात. इथल्या जेवणात बदक आणि हंस सगळीकडे. शाकाहारी माणसाला अक्रोडाचा केक, बकरीच्या दुधाचं काबेकू चीज आणि सॅलड यावर भागवावं लागतं, आणि सार्लाचे म्हणून जे खरपूस लसणी बटाटे मिळतात ते बदकाच्या चरबीत परतलेले असतात, बटाटाच तर आहे म्हणून डोळे झाकून मागवू नका.