तुंबलेली मोरी, परदेशी गोगलगाय आणि फ्लोरिडातले पक्षी

फ्लोरिडा म्हटलं की बीच नाहीतर डिस्ने, पण पक्षी बघायचे असतील तर मी म्हणेन समुद्र सोडा आणि सरळ आत अलाचुआ काउंटीत जा. गेन्सव्हिल हे तिथलं मुख्य गाव, युनिव्हर्सिटीचं, भाचा तिथे शिकायला होता म्हणून माझं जाणं झालं. दोन्हीकडचा समुद्र गाडीने तास-दीड तास लांब, मग एवढे पाणपक्षी तिथे करतात काय?

त्याचं कारण जमिनीखाली आहे. खाली सगळा चुनखडीचा दगड, तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि वरची जमीन मधेच खचते, यालाच सिंकहोल म्हणतात. गावाच्या दक्षिणेला पेन्स प्रेरी नावाचं साधारण २१ हजार एकरांचं पाणथळ रान आहे, त्याचं पाणी अलाचुआ सिंक नावाच्या अशाच एका भोकातून थेट भूजलात जातं. १८७०च्या दशकात ही मोरी तुंबली, तर रानाचं तळं झालं आणि त्यात चक्क वाफेच्या बोटी चालायला लागल्या! १८९१च्या सुमारास मोरी सुटली आणि तळं गायब. आजही पाणी कमीजास्त होतंच, म्हणून कुठे खोल पाणी, कुठे चिखल, कुठे नुसतं गवत, ज्याला जे हवं ते मिळतं.

याच रानाच्या कडेला स्वीटवॉटर वेटलँड्स पार्क आहे, २०१५ साली सुरू झालेलं, आणि नाव गोड असलं तरी पाणी शहराच्या सांडपाण्याचं, म्हणजे प्लांटमधून शुद्ध होऊन आलेलं. त्यात उरलेला नायट्रोजन इथल्या वनस्पती आणि बॅक्टेरिया काढून घेतात, मग ते पाणी प्रेरीत सोडतात. आपल्याकडच्या नाल्यांवर पण बगळे असतातच म्हणा, पण ते बघायला कोणी दुर्बीण घेऊन जात नाही.

तिथे बांधाच्या कडेला मला लिंपकिन दिसला, तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, ओरडतो असा की रात्री ऐकला तर माणूस घाबरेल. त्याने पाण्यातून गोगलगाय काढली, चिखलात टेकवली, चोच आत सरकवली आणि अख्खा जीव बाहेर ओढला, शंख साबूत! गंमत म्हणजे त्याच्या चोचीचं टोक बऱ्याचदा किंचित उजवीकडे वळलेलं असतं आणि शंखाचा पीळही उजवाच.

ही गोगलगाय मूळची दक्षिण अमेरिकेची. बोरूवर गुलाबी अंड्यांचे पुंजके दिसतात ते तिचेच, एकेका पुंजक्यात दोनेक हजार अंडी, तिथली देशी गोगलगाय घालते वीस-तीस. आगंतुक प्राणी म्हणजे वाईटच असं आपण धरून चालतो, आणि वनस्पतींचा ती फडशा पाडते हेही खरंच, पण स्नेल काइट नावाची घार जवळजवळ फक्त गोगलगाईच खाते आणि फ्लोरिडात ती संपत चालली होती. नवी गोगलगाय देशीपेक्षा बरीच मोठी, काहींना तर ती पेलायचीच नाही. मग मोठ्या चोचीची पिल्लं जास्त जगली, आणि दहाएक वर्षांत या घारींची चोच सरासरीने मोठी झाली, युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाच्या संशोधकांनी २०१७ साली हे मांडलं. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचं काम असं शाळेत शिकलेलो आपण, इथे भाच्याचं शिक्षण आणि उत्क्रांती साधारण एकाच स्पीडने चाललेली! २०१८मध्ये तर या घारींनी पेन्स प्रेरीत घरटी केली, जवळपास शंभर वर्षांनी.

हिवाळ्यात गेलात तर पेन्स प्रेरीतल्या ला चुआ ट्रेल या पायवाटेवर सँडहिल क्रेन बघा, उत्तरेकडून हजारोंनी येतात. आपल्या गोंदियाच्या सारसाचे नातेवाईक, श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळं घालून बसलेली, त्यामुळे आवाज आधी येतो आणि पक्षी बऱ्याच वेळाने. जंगल आवडत असेल तर जवळच्या सॅन फेलास्को नावाच्या रानात सुतारपक्षी आणि घुबडं आहेत, मला मात्र पाण्यापासून हलवेना.

सकाळी लवकर जा, आणि ला चुआवर वाटेत मगरीसारखी अ‍ॅलिगेटर आडवी पडलेली असली तर मुकाट्याने मागे फिरा. आम्ही फिरलो, आणि पार्किंगच्या गवतात काय दिसलं तर गायबगळा. त्याचे पूर्वज आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून आले, फ्लोरिडात पहिलं घरटं सापडलं १९५३ साली, आता तिथेही गाईंच्या मागे मागे हिंडतो. भाचा म्हणाला, मामा, एवढ्या लांब येऊन तू याचेच फोटो काढतोयस?