वेटसूट (थंड पाण्यातील)

वेटसूट हा फेसाळ रबराचा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख आहे. स्कूबा डायव्हर, सर्फर आणि लांब पल्ल्याचे जलतरणपटू तो वापरतात. नावाप्रमाणेच तो अंग कोरडे ठेवत नाही. मान, मनगटे आणि घोट्यांपाशी थोडे पाणी आत शिरते आणि कातडी व रबर यांच्यामध्ये अडकून कोमट होते. हे कोमट पाणीच ऊब देते, असा समज सर्वत्र रुजलेला आहे. खरे काम करतात ते रबरात कोंडलेले वायूचे असंख्य बारीक बुडबुडे. आतल्या पाण्याने जागचे हलू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. ते हलले की सूट कितीही जाड असला तरी कुडकुडणे अटळ.

ही गोष्ट प्रथम नीट ओळखली ती बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते लॉस अलामॉसच्या अणुबाँब प्रकल्पात होते. १९५१ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या डायव्हरांसाठी पोशाख शोधताना त्यांनी असा मुद्दा मांडला की, कापडातच वायू कोंडलेला असेल तर अंग कोरडे राहण्याची गरजच नाही. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यूपाँ कंपनीने १९३० च्या दशकाच्या आरंभीच बाजारात आणलेले होते. त्याचा फेस या कामी आला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे जॅक ओनील आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील माइस्ट्रेल बंधू यांनी हा पोशाख सर्फर व डायव्हर मंडळींपर्यंत पोहोचवला.

शोध कॅलिफोर्नियात लागला याला तिथला समुद्र कारण आहे. माँटेरे उपसागरात पाण्याचे तापमान वर्षभर साधारण १० ते १५ अंश सेल्सिअस असते. उत्तरेकडून येणारा गार प्रवाह आणि वसंतात वाऱ्यामुळे खोलातून वर येणारे पाणी यांमुळे किनाऱ्यावर लख्ख ऊन असतानाही खाली केल्पच्या (उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाच्या) जंगलात हाडे गोठतात. सिलिकॉन व्हॅलीहून गाडीने दीड-एक तासावर असल्याने तिकडची मराठी मंडळीही इथे बुडी मारायला येतात. तारकर्ली-मालवणच्या २७-२८ अंशांच्या पाण्यात ३ मिमीच्या सूटवर, किंवा नुसत्या टी-शर्टवर, शिकलेल्यांना पहिला धडा इथेच मिळतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि पाठीच्या कण्यातून उतरणारी गार धार सोसणे वेगळे.

जाडीचा ढोबळ हिशेब असा : २४ अंशांच्या वर ३ मिमी, १८ ते २४ ला ५ मिमी, १० ते १८ ला ७ मिमी. सडपातळ माणसाने एक पायरी जाड धरावी. दिवसात तीन-चार बुड्या मारणाऱ्यानेही तेच करावे. मात्र हा आकडा दुकानातला आहे, खोलीवरचा नव्हे. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि बुडबुडे निम्मे होतात. ३० मीटरवर ते चौथाईवर येतात. म्हणजे जिथे पाणी सर्वांत गार, तिथेच सूट सर्वांत पातळ. शिवाय बुडबुडे दबले की तरंगण्याची शक्तीही घटते. पृष्ठभागावर ७ मिमीचा सूट डायव्हरला बुचासारखा वर ढकलतो, म्हणून समुद्रात शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहूनही जास्त शिसे कमरेला बांधावे लागते. खाली गेल्यावर तेच शिसे जड होते. शेकडो बुड्या झालेल्या सूटमधले बुडबुडे तर कायमचेच बसलेले असतात. भाड्याचा सूट घेताना छातीवरचे रबर चिमटीत धरून पाहावे. ७ मिमी लिहिलेला सूट चिमटीत ५ चाच लागतो, असे पुष्कळदा होते.

निवडीत खरी मेख मापाची आहे. नवा जाड सूट चढवताना घाम फुटलाच पाहिजे. सहज चढला तर तो ढगळ आहे. पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली की पाय सुळकन सरकतो. ओढताना नखे लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनीच रबर थोडे थोडे वर घ्यायचे. नखाची चंद्रकोर उमटली की चीर तिथूनच जाते. चेन लावल्यावर दोन्ही हात वर करावेत, उकिडवे बसावे, दीर्घ श्वास घ्यावा. मग कुणाला तरी कमरेच्या खळग्यावर तळवा दाबायला सांगावे. तिथे रबर आत जात असेल तर ती पोकळी म्हणजे पाण्याचा पंपच. प्रत्येक वाकण्यासरशी कोमट पाणी बाहेर आणि गार पाणी आत. काखा आणि जांघा याही अशाच बेइमान जागा. गळपट्टी मात्र फार आवळती नको. मानेच्या रक्तवाहिन्यांवर दाब आला तर भोवळ येते. तयार मापात अंग बसत नसेल तर मापाने शिवून घेतलेला ५ मिमीचा सूट ढगळ ७ मिमीपेक्षा केव्हाही बरा.

शिवणीही पाहायला हव्यात. आरपार टाके घातलेली सपाट शिवण उष्ण पाण्यापुरती ठीक. थंडीसाठी कडा चिकटवून अर्ध्या जाडीतच टाके घेतलेली शिवण हवी. मनगट-घोट्यांना गुळगुळीत रबराच्या आतल्या कडा आणि चेनच्या मागे रुंद पट्टी असली की आत येणारे पाणी आणखी घटते. अशा सूटला सेमी-ड्राय म्हणतात. डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते, ही ऐकीव गोष्ट खोटी आहे. पण टाळूच्या रक्तवाहिन्या थंडीत फारशा आकसत नाहीत आणि कानात शिरलेल्या गार पाण्याने गरगरते, म्हणून टोपी हवीच. ती सूटच्या बनियनला जोडलेली असली तर मानेची फटही बुजते. हातमोजे ५ मिमीचे पुरेत. त्याहून जाड मोज्यांत बकल सापडत नाही.

थंडी ही केवळ गैरसोय नाही. कुडकुडणारा डायव्हर हवा भराभर संपवतो, त्याची बोटे ऐकत नाहीत, आणि तळाशी उबेत राहून वर येताना गारठला तर डीकंप्रेशनचा, म्हणजे दाब घटताना अंगात वायूचे बुडबुडे धरण्याचा, धोका वाढतो. म्हणून पाणी १० अंशांखाली गेले की वेटसूटचा हट्ट सोडून ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊच न देणारा पोशाख, घालतात. आइसलँडच्या सिल्फ्रा घळीत २ ते ४ अंशांच्या पाण्यात डायव्हर ड्रायसूटमध्येच उतरतात.

बुडीनंतर सूट गोड्या पाण्यात खळबळून, रुंद खांद्याच्या हँगरवर सावलीत वाळवतात. घडी घालून ठेवला की घडीच्या रेषेवरचे बुडबुडे मरतात. दोन-तीन वर्षे कपाटात पडलेला सूट आटतो, अशी जगभरच्या डायव्हरांची तक्रार असते. जुने निओप्रीन कडक होऊन थोडे आकसते हे खरे. बाकीचा हिशेब कमरेच्या पट्ट्याला विचारावा.