तोरणमाळ

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातील थंड हवेचे ठिकाण. सातपुड्याची जी रांग नर्मदा व तापी यांची खोरी विभागते, तिच्यातील एका पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मी. उंचीवर ते वसले असून शहाद्याहून तेथे वळणावळणाच्या घाटाने जावे लागते. यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी आणि पावसाळ्यातील धुके ही पर्यटकांची आकर्षणे होत. तथापि पठाराची जुनी ओळख गोरखनाथाच्या स्थानाची आहे व महाशिवरात्रीच्या यात्रेला आजही सहलीच्या हंगामापेक्षा अधिक महत्त्व द्यावे लागते.

पांडवांच्या बाजूने लढलेल्या युवनाश्व राजाची ही राजधानी होती, असे सांगतात. ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. खानदेशातील फारुकी राजवट (१३८२–१६०१) मुख्यतः थाळनेर व बऱ्हाणपूर या तापीकाठच्या नगरांतून चालली. १८१८ नंतर इंग्रजांना मैदानापेक्षा डोंगर आवरणे अवघड गेले आणि १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली. १९०६ च्या विभाजनात हा मुलूख पश्चिम खानदेशात, पुढे धुळे जिल्ह्यात आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आला.

पठारावर व आसपासच्या पाड्यांवर मुख्यतः पावरा आणि भिल्ल राहतात. होळीपूर्वी भरणारे भोंगऱ्या बाजार, होळीच्या रात्री ढोलाच्या तालावर चालणारे नाच आणि नवसाने केला जाणारा इंदल हे त्यांचे मोठे उत्सव.

येथील खाणे मैदानी खानदेशाहून बरेच वेगळे आहे. खाली कळण्याची भाकरी, भरीत आणि काळ्या मसाल्याची झणझणीत शेवभाजी. पाड्यावर मात्र मका-ज्वारीची भाकरी, उडीद-चवळीची पातळ डाळ, अंबाडीची भाजी, आणि मोर, बर्टी, भादी ही डोंगरउतारावर पिकणारी बारीक धान्ये. उन्हाळ्यात पहाटे वेचलेली मोहफुले वाळवून ठेवतात. ती खाण्यात येतात आणि दारूसाठीही वापरतात. त्याच सुमारास कैऱ्या सोलून, कापून वाळवल्या जातात. हा आमचूर धडगाव व शहाद्याच्या बाजारात विकला जातो आणि कित्येक घरांच्या हाती वर्षातला महत्त्वाचा रोख पैसा त्यातूनच येतो. पर्यटकांच्या ताटात यांतले फारसे काही पोहोचत नाही, कारण तलावाकाठच्या उपाहारगृहांनी शहाद्या-धुळ्याचीच चव उचलली आहे.