विकेट आधी, चेंडू नंतर

29 जून 2024 ची रात्र. फोंड्याकडे पाऊस असा लागला होता की शेजारच्या मास्तरांच्या गच्चीवरच्या डिशने केव्हाच मान टाकली होती. म्हणून टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल बघायला ते छत्री घेऊन आमच्याकडे आले. आमच्याकडे मॅच इंटरनेटवरून चालू होती. शेवटचं षटक, दक्षिण आफ्रिकेला 6 चेंडूंत 16 धावा हव्यात, समोर मिलर. पडद्यावर हार्दिक पांड्या अजून रन-अपच्या टोकाकडे चालत निघालाय, आणि माझ्या खिशात मोबाइल वाजला. मिलर बाद. मग कुठे चेंडू पडला, उडाला आणि सूर्यकुमारने सीमारेषेच्या आतबाहेर करत तो झेल घेतला.

"पळयलें मरे?" (पाहिलंस ना?) मास्तर खुर्चीतून न उठता म्हणाले. (ते उठले की आपली विकेट पडते, असं त्यांचं ठाम मत आहे.) "बॉल टाकायच्या आधी विकेट आली. सगळं आधीच ठरलेलं असतं."

मास्तरांनी जन्मभर मराठी शाळेत गणित शिकवलं. पण हा संशय एकट्या त्यांचा नाही. सामना रंगात आला की व्हॉट्सॲपवर असे 'पुरावे' फिरतातच. मुळात नोटिफिकेशन लवकर येत नाही, चित्र उशिरा येतं.

आपल्या गोव्यातला पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, आठवा. पाव झाले का, हे विचारायला दर दहा मिनिटांनी कुणी भट्टीवर जात नाही. सायकलच्या भोंग्याचा पों-पों ऐकू आला की आपण पिशवी घेऊन दारात. मोबाइलमधल्या ॲपनेही 'काही नवीन आहे का' म्हणून सारखं आपल्या कंपनीच्या संगणकाचं, म्हणजे सर्व्हरचं, दार ठोठावलं, तर दुपारपर्यंत बॅटरी संपेल. म्हणून ॲपलने 2009 साली आणि गूगलने 2010 साली पोदेराची व्यवस्था आणली. प्रत्येक ॲपचा वेगळा पोदेर नाही. सगळ्यांचे पाव एकाच टोपलीत.

आता गंमत बघा. सर्व्हरला आपला मोबाइल थेट सापडतच नाही. मोबाइल कंपनी हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवते, आणि बाहेरून आलेल्याला आत कुणाकडे जायचं ते कळत नाही. मग आपला मोबाइलच आतून बाहेर एक जोडणी करतो आणि ती तोडतच नाही. अँड्रॉइडवर ती साधारणपणे गूगलच्या 5228 क्रमांकाच्या पोर्टला (सर्व्हरच्या अनेक दारांपैकी एक), आयफोनवर ॲपलच्या 5223 ला. या जोडणीवरून काही काळ काहीच गेलं नाही, तर मोबाइल कंपनीचं मधलं यंत्र तिची नोंद पुसून टाकतं. म्हणून मोबाइल अधूनमधून एक चिमुकला संदेश सोडतो, 'मी आहे हां' एवढाच. तुम्ही झोपलेले असता तेव्हाही हे चालू असतं. मैदानावर बसलेला स्कोअरर कळ दाबतो, ते स्कोअर पुरवणाऱ्या कंपनीकडे जातं, तिथून ॲपकडे, तिथून गूगल किंवा ॲपलकडे, आणि मग या उघड्या जोडणीवरून तुमच्या खिशात. संदेशाचा आकार जास्तीत जास्त 4 केबी. सगळं काही सेकंदांत.

चित्राचं तसं नाही. इंटरनेटवर सामना सलग वाहत येत नाही, त्याचे तुकडे करतात. ॲपलच्या पद्धतीत साधारण 6 सेकंदांचा एक. घाणा पूर्ण भाजल्याशिवाय एकही पाव बाहेर काढता येत नाही, तसाच तुकडा पुरा झाल्याशिवाय पुढे जात नाही. शिवाय मध्येच गोल चक्र फिरू नये म्हणून प्लेअर असे तीनेक तुकडे हाताशी ठेवूनच सुरुवात करतो. तिथेच 18 सेकंद गेले. त्यात चित्र आकसून बांधण्याचा आणि सर्व्हरमागून सर्व्हर पार करण्याचा वेळ मिळवा, अर्धा मिनिट सहज होतो. लोक उपग्रहाला बोल लावतात, पण तो 35,786 किलोमीटरवर असला तरी वर जाऊन खाली यायला प्रकाशवेगाने जेमतेम पाव सेकंद लागतो. पोदेराचा भोंगा ऐकू आला, पाव अजून भट्टीत आहेत, एवढंच.

या व्यवस्थेतला माझा आवडता भाग मात्र वेगळाच आहे. एकदा बेळगावहून चोर्ला घाटातून परतत होतो. घाटात नेटवर्क गेलं. केरीच्या जवळ आलो आणि मोबाइल खिशात थरथरू लागला तो थांबेचना. पहिली विकेट, दुसरी विकेट, पन्नास धावा, चौथी विकेट, सगळं शिळं. मोबाइल सापडत नसला की गूगलचा सर्व्हर संदेश राखून ठेवतो, जास्तीत जास्त चार आठवडे. ॲप बनवणाऱ्याने संदेशावर 'कोलॅप्स की' नावाचा शिक्का मारला असेल, तर त्याच शिक्क्याचा नवा संदेश जुन्याला पुसून त्याची जागा घेतो. शाळेतल्या फळ्यावर स्कोअर लिहावा तसं. शिक्का नसेल तर एकेक साठत जातो. असे 100 हून अधिक साठले, की गूगल सगळेच फेकून देतो आणि ॲपला फक्त कळवतो की काहीतरी टाकून दिलं. शिक्केही एका मोबाइलसाठी एका वेळी चारच ठेवता येतात. शिवाय संदेशाला आयुष्य ठरवून देता येतं: दहा मिनिटांत पोचला नाही तर मरू दे. चौथ्या विकेटचं दीड तासाने कुणाला काय? माझ्या ॲपवाल्याने शिक्का मारला नव्हता आणि आयुष्यही ठरवलं नव्हतं, म्हणून घाट उतरून शिळ्या विकेट माझ्या पदरात.

उपाय म्हणून लोक ॲपच काढून टाकतात, त्याची गरज नाही. अँड्रॉइड 8 पासून, म्हणजे 2017 पासून, ॲपला आपल्या नोटिफिकेशनचे वेगवेगळे प्रकार पाडून द्यावे लागतात. नोटिफिकेशन आलं की बोट दाबून धरा आणि तो प्रकार 'सायलेंट' करा. विकेट गप्प, निकाल चालू. आयफोनवर 2021 पासून 'फोकस', म्हणजे निवडक ॲप सोडून बाकीच्यांना गप्प करायची सोय, आहे आणि ठरावीक वेळी एकगठ्ठा सारांशही मिळतो. सामना इंटरनेटवर बघत असाल, तर त्या ॲपला तेवढे तास पूर्ण गप्प बसवणं उत्तम. जत्रेतल्या नाटकाला बसलात तर मात्र मोबाइलच बंद करा; ऐन करुण प्रवेशात 'षटकार' वाजल्यावर शेजारच्या आजीने माझ्याकडे जे बघितलं ते अजून विसरलो नाही.

आणि मोबाइलची सवय मोडायला म्हणून 'डोपामीन डिटॉक्स'च्या महागड्या शिबिरांच्या नादी लागू नका. डोपामीन हे मेंदूतलं एक गरजेचं रसायन, शरीरातून निचरा करायचं विष नव्हे. मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी मेल्या तर पार्किन्सन होतो, माणसाला धड चालता येत नाही.

पाऊस ओसरल्यावर मी आणि मास्तरांनी एक प्रयोग केला. ते त्यांच्या घरी डिशसमोर, मी माझ्याकडे मोबाइलवर इंटरनेटच्या चित्रासमोर, दोघांची घड्याळं जुळवलेली. प्रत्येक चौकाराची वेळ कागदावर मांडायची. मास्तरांनी गणिताच्या वहीला शोभेल असा तक्ता आखून आणला. फरक दर वेळी 25 ते 30 सेकंदांचा निघाला. मास्तरांनी तक्ता दोनदा तपासला, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे मॅच फिक्स नाही. तुझं इंटरनेट फिक्स आहे."