एकादशी आणि दुप्पट खाशी

दुपारी एक वाजता दोन फुलके, तेही कणीक काट्यावर मोजून लाटलेले. भात बंद. चारला बिनसाखरेचा चहा. आणि पावणेपाचला मी ओट्याशी उभी, हात चिवड्याच्या डब्यात. वाटीत काढून घ्यायचा नाही, कारण वाटीत घेतलं की ते ‘खाल्लं’ असं धरावं लागतं. उभ्याउभ्या मूठमूठ तोंडात टाकलेलं हिशेबात येत नाही. बारा वर्षं वेगवेगळ्या नावांची डाएट करताना या पावणेपाचला मी स्वतःचा हावरटपणा म्हणत आले. घरच्यांकडे तर म्हणच तयार होती: एकादशी आणि दुप्पट खाशी.

ही म्हण आपण टोमणा म्हणून मारतो. शरीरशास्त्र मात्र ती सरळ अर्थानं घेतं. एकादशी केली, म्हणूनच दुप्पट खाल्लं जातं.

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरचा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. हे सगळे युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले आणि आपणहून प्रयोगात आलेले. 24 आठवडे त्यांना दिवसाला सुमारे 1,600 कॅलरींवर अर्धपोटी ठेवलं. (आपल्याकडे बायकांच्या हातात पडणारा डाएट चार्ट कितीदा तरी 1,200 चा असतो, हे जाता जाता.) त्यांचं वजन जवळपास चौथ्या हिश्शानं घटलं, ते अपेक्षितच होतं. अनपेक्षित होतं ते डोक्यात घडलेलं. ज्यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, ताटल्या चाटू लागले, जेवण कितीतरी वेळ लांबवू लागले. पुढे बंधनं उठल्यावर काहीजण पोट दुखेपर्यंत जेवले आणि तरी भूक आहे म्हणत राहिले.

हावरट माणसं निवडून आणली नव्हती. उपासमारीनं ती तशी झाली.

यामागची रसायनं कळायला पुढची पन्नास वर्षं गेली. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. त्यावरून मेंदू साठा किती शिल्लक आहे याचा अंदाज घेतो. त्याचा शोध 1994 चा. जठरातून येणारं घ्रेलिन 1999 मध्ये सापडलं; ते भूक जागवतं. खाणं एकदम कमी केलं की लेप्टिन झपाट्यानं उतरतं आणि घ्रेलिन चढतं. धाकट्या दिराच्या लग्नात जुना शालू बसवायचा आहे हे मेंदूला कळत नाही. त्याच्या लेखी दुष्काळ पडलेला असतो. मेलबर्नमधल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या 50 जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवलं आणि वर्षभरानं पुन्हा तपासलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष मला डाएटच्या प्रत्येक जाहिरातीखाली छापावेसे वाटतात: वर्ष उलटलं, उतरलेलं वजन थोडं परतही आलं, पण भुकेची संप्रेरकं अजून जागेवर आलेली नव्हती आणि लोकांना आधीपेक्षा जास्त भूक लागत होती.

आता अशा माणसाला कुणी सांगितलं, ‘डाएट सोड, पोटाचं ऐक’, तर तो कुठल्या पोटाचं ऐकणार?

‘इंट्युइटिव्ह ईटिंग’ची सगळी अडचण इथे आहे. एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या दोन अमेरिकी आहारतज्ज्ञांनी 1995 मध्ये ही कल्पना मांडली. भूक लागली की खावं, पोट भरलं की थांबावं, कुठलाही पदार्थ पाप मानू नये, असा तिचा गाभा. (माझी आजी हेच फुकट सांगत असे, पण मी ऐकलं नाही.) त्यांच्या दहा तत्त्वांमधलं दहावं पोषणाबद्दल आहे. ते मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण डाएटमधून नुकत्याच सुटलेल्या माणसाला पोषणाचा सल्लाही नवं डाएट वाटतो. रीलवर बोलणारे बहुतेक नऊवरच थांबतात. ‘हवं ते खा’ एवढंच हाती उरतं, आणि दोन महिन्यांनी माणूस घाबरून पुन्हा काटा बाहेर काढतो.

‘हवं ते खा’ यात मात्र तथ्य आहे. दिवाळी आठवा. पहिल्या आंघोळीच्या फराळाला चकलीवर तुटून पडणारे आपणच भाऊबीजेला डबा पुढे आला की ‘नको, साधं वरण-भात दे’ म्हणतो. सवयीनं पदार्थाची ओढ ओसरते, आणि हे प्रयोगातही दिसलंय. बायकांच्या एका गटाला मॅकरोनी-चीज लागोपाठ पाच दिवस दिलं, दुसऱ्याला आठवड्यातून एकदा. रोज मिळणाऱ्यांचं खाणं कमी होत गेलं. मी महिनाभर चिवडा वाटीत घेऊन, बसून खाल्ला. तेव्हा कुठे कळलं की मला चिवडा फारसा आवडत नाही. त्यातले तळलेले खोबऱ्याचे काप आवडतात.

पण ही सूट सगळ्या खाण्याला सारखी लागू पडेल असं समजू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात भरपूर प्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्ही वेळी ताटात वाढलेल्या अन्नातली साखर, मीठ, चरबी, तंतू जुळवून घेतले होते, आणि हवं तेवढं खायची मोकळीक होती. पहिल्या प्रकारात लोक दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेले (2019). म्हणजे पोटाचं ऐकायचं असलं तरी पोटाला बोलायला सवड देणारं अन्न हवं. बिस्किटाचा पुडा ती सवड देत नाही. भाकरी देते, ती चावावी लागते.

दुसरी गोष्ट आपल्या हाडापेराची. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. म्हणून वजनकाटा माळ्यावर टाकायला माझी हरकत नाही, पण साखरेची तपासणी आणि कंबरेची टेप त्याच्यासोबत माळ्यावर जाता कामा नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर नुसत्या भुकेवर विसंबूच नये. त्यांची अचानक लागलेली भूक साखर घसरल्याची खूण असू शकते. खाऊन उलटी काढण्याची सवय असेल, तर लेख वाचत बसण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

बाकीच्यांनी सुरुवात घड्याळापासून केली तरी चालते. ऐकायला हे उलटं वाटेल. पण घ्रेलिन आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी चढतं, आणि वर्षानुवर्षं वेळा मोडल्या असतील तर त्याला वेळच उरलेली नसते. दोन-तीन महिने ठरलेल्या वेळी पुरेसं जेवलं, की भूक हळूहळू ओळखीची होते. मी इतकंच केलं, आणि ताटातून काही काढण्याऐवजी त्यात घालत गेले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये 2,000 कॅलरींच्या दिवसासाठी धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम आणि भाज्या 400 ग्रॅम सांगितल्या आहेत. माझ्या ताटात भाज्या आणि कडधान्यं यांचीच बोंब होती. धान्याशी मी बारा वर्षं भांडले आणि उसळीकडे पाहिलंच नाही.

आता दुपारी एकला भात असतो, वाटीभर मटकीची उसळ असते, काकडीची कोशिंबीर असते, दाण्याचं कूट घातलेली. पावणेपाचची भूक सहाच्या आसपास लागते. परवा लागलीच नाही, आणि मला ते साडेसातला कुकर लावताना लक्षात आलं. जेवताना मोबाइल समोर असला की पोट कधी भरलं ते मात्र अजून कळत नाही.