रात्री चारदा उठणं: प्रोस्टेट, की लघवीच जास्त?

साठी उलटलेला माणूस रात्री तीन-चारदा लघवीला उठू लागला की घरचे ठरवूनच टाकतात, "प्रोस्टेट वाढलंय." सोनोग्राफीत या ग्रंथीच्या वजनाचा 35-40 ग्रॅम आकडा आला की शिक्कामोर्तब. मग टॅमसुलोसिन हे प्रोस्टेटच्या त्रासावरचं औषध सुरू होतं, महिने जातात आणि झोप मोडायची ती मोडतेच. ग्रंथीच्या आकारावर त्रास किती होईल हे ठरत नाही, हे आता तरी लोकांनी लक्षात घ्यावं.

प्रोस्टेटचा त्रास ओळखीचा आहे: धार बारीक, सुरू व्हायला वेळ, शेवटी थेंब थेंब. तो दिवसाही जाणवतो.

दुसऱ्या प्रकारात धार ठीक असते, दिवसा फारशी तक्रार नसते, पण रात्री दर खेपेला भरपूर लघवी होते. इथे मूत्रपिंडंच रात्री जास्त लघवी तयार करतात. दिवसभर पाय लोंबते सोडून बसल्यावर घोट्यांत पाणी उतरतं. आडवं झालं की ते रक्तात परततं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. संध्याकाळी मोज्यांच्या इलॅस्टिकचा वळ खोल उमटत असेल तर आधी हाच संशय घ्यावा. झोपेत श्वास अडखळणं, हृदयाचा अशक्तपणा, पाय सुजवणारी ॲम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची गोळी हीसुद्धा कारणं असतात.

फरक कळायला मोजपात्र आणि वही पुरते. तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ आणि मिली लिहा. झोपण्याआधीची दिवसात धरा. सकाळी उठल्यावरची पहिली मात्र रात्रीत. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. समजा 24 तासांत 1500 मिली झाली आणि त्यातली 250, 300, 200 व सकाळची 150 अशी 900 मिली रात्रीची, म्हणजे 60 टक्के. पासष्टीपुढे 33 टक्क्यांवर गेली की रात्रीची लघवी जास्त. उलट दर वेळी जेमतेम 80-100 मिली होत असेल, तर प्रोस्टेट किंवा मूत्राशयाकडे बघायचं. दोन्ही एकत्रही असू शकतात.

लघवी जास्त असेल तर दुपारी तासभर पाय उंचावर ठेवून पडा, संध्याकाळनंतर मीठ आणि चहा कमी करा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती दुपारी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. "पाणीच बंद करा" हा सल्ला मात्र ऐकू नका: लघवी दाट होऊन जळजळ वाढते, बद्धकोष्ठताही होते.

लघवी पूर्ण अडली तर थेट रुग्णालय गाठा. रक्त दिसलं तर ते एकदाच दिसलं असलं तरी तपासून घ्या.